नवी वसाहत वसवितांना : आधीं पाणी, मग रस्ता

अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या खातेदारापुढें आज पिकाहूनहि मोठा प्रश्न जमिनीचा आहे. बदलापूरची लोकसंख्या २००१ सालच्या खानेसुमारींत सुमारें ९८ हजार होती. २०११ सालीं ती सुमारें १ लाख ७४ हजार, म्हणजे दहा वर्षांत जवळ जवळ पावणेदोनपट झाली. मोरिवलीचें नांव परगांवच्या माणसास भाताच्या खाचरांवरून आतां ठाऊक नसतें. औद्योगिक विकास महामंडळाच्या कारखान्यांवरून ठाऊक असतें. मुंबईंत ज्यास घर परवडत नाहीं तो चाकरमान्या आगगाडीच्या वाटेनें इकडे सरकत आहे, आणि अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली येथें नवें स्थानकहि मंजूर झालेलें आहे. वस्ती येणार हें ठरलेलें आहे. ती कशी यावी हें ठरविणें मात्र अद्यापि कांहीं अंशीं शेतकऱ्याच्या हातीं आहे, आणि तेंहि सातबाराचा उतारा त्याच्या नांवें आहे तोंवरच.

बहुतेक ठिकाणीं सध्यां घडतें तें येणेंप्रमाणें. दलाल येतो, रस्त्याकडेची जमीन प्रथम जाते, मग आंतल्या जमिनीचे गुंठे पडतात. कोणी खाचर भरून घेतो, कोणी ओहोळाच्या कांठावर भिंत घालतो. इमारती उभ्या राहिल्यावर पाण्याची आठवण होते व टँकर येऊं लागतात. सर्वांच्या शेवटीं सांडपाण्याचा प्रश्न निघतो, आणि तो जवळच्या ओहोळांत गटार सोडून मिटविला जातो. म्हणजे जें आधीं करावयाचें तें अखेरीस होतें. आमचें सांगणें इतकेंच कीं, हा क्रम उलट केला पाहिजे. प्रथम पाण्याची येण्याची व जाण्याची वाट, नंतर तेथें राहणाऱ्या माणसांचा उद्योग, नंतर जमिनीच्या मालकीची व्यवस्था, आणि या तिन्ही गोष्टी कागदावर पक्क्या झाल्या म्हणजे मग रस्ते व घरें.

शेजारच्या शहराचा धडा

घाईनें वसविलेल्या वसाहतीचें उदाहरण पाहण्यास मोरिवलीकरांस दूर जावयास नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्करानें मोठी छावणी उभारली होती. १९४७ सालच्या फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारें एक लाख निर्वासित तेथील बराकींत ठेवण्यांत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं तेथें नव्या नगराची कोनशिला बसविली, आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. सर्वस्व गमावून आलेल्या त्या लोकांनीं उद्योगाच्या बळावर जें उभें केलें त्याचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. परंतु छावणी ही सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठीं होती. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांसाठीं तिची आंखणी झालेली नव्हती. सुमारें १३ चौरस किलोमीटरांच्या त्या जागेंत २०११ सालीं पांच लाखांवर वस्ती होती. शेतकऱ्याच्या हिशेबानें सांगावयाचें तर दर एकरीं दीडशेंहून अधिक माणसें झालीं.

या वाढीचा भार कोणी उचलला, हें वालधुनी नदीकडे पाहिलें म्हणजे कळतें. अंबरनाथजवळच्या काकोळेच्या डोंगरांत उगम पावणारी ही लहानशी नदी अंबरनाथच्या शिवालयावरून व उल्हासनगरांतून वाहत कल्याणजवळ खाडीस मिळते. शिलाहारांच्या काळीं, शके ९८२ मध्यें, म्हणजे इसवी सन १०६० सालीं, ज्यांनीं तें शिवालय बांधलें, त्यांस हा कांठ देवाच्या योग्यतेचा वाटला होता. आज त्याच पात्रांत वस्तीचें सांडपाणी व कारखान्यांचें रासायनिक पाणी मिसळत आलें आहे. २०१४ सालीं नदींत सोडलेल्या रसायनापासून निघालेल्या वायूमुळें उल्हासनगरांतील शेंकडों रहिवाशांस उपचार घ्यावे लागले. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्थांस दंड ठोठावला. दंडानें नदी स्वच्छ होत नाहीं. एकदां घरें दाटीनें उभीं राहिलीं म्हणजे मलवाहिनी घालण्यास जागा उरत नाहीं, आणि जें काम आरंभीं कांहीं गुंठ्यांत झालें असतें तें पुढें कोट्यवधि रुपये ओतूनहि पुरें होत नाहीं. नव्या वसाहतीस हा धडा फुकट मिळत आहे, तो घ्यावा.

पावसाचा हिशेब

आपल्याकडे पाऊस उदंड आहे, मग पाण्याची चिंता कशास, असें कोणी म्हणेल. त्याचा हिशेब मांडून पाहूं. वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला, तर एका एकरावर सुमारें एक कोटि लिटर पाणी पडतें. दोनशें कुटुंबांची, म्हणजे सुमारें हजार माणसांची वसाहत योजिली आणि शहरी मानानें माणशीं रोज १३५ लिटर पाणी धरलें, तर पावसाळ्याबाहेरच्या २४० दिवसांस सव्वातीन कोटि लिटर पाणी लागेल. ग्रामीण मानानें माणशीं ५५ लिटर धरलें, तर एक कोटि बत्तीस लाख लिटरांत भागेल. अडीच एकरांचें व सरासरी पांच मीटर खोलीचें तळें असेल, तर त्यांत पांच कोटि लिटर पाणी मावतें. त्यांतून उन्हाळ्याअखेर वाफेनें सव्वा कोटीच्या आसपास पाणी गेलें तरी शहरी मानाची गरज भागते. असें तळें भरण्यास, पडलेल्या पावसाचें निम्में पाणी वाहून येतें असें मानलें, तर दहा एकरांचें पाणलोट पुरे.

यावरून असें दिसेल कीं, हजार वस्तीचें पाणी तिच्याच शिवारांत पडतें व तिच्याच शिवारांतून वाहून जातें. तें अडविण्यासाठीं जागा राखून ठेविली नाहीं, म्हणजे मग दूरच्या धरणाकडे हात पसरावा लागतो. औद्योगिक विकास महामंडळाचें बारवी धरण १९७२ सालीं झालें, त्याची उंची पुढें वाढविली गेली, आणि त्यापायीं कांहीं गांवांस व पाड्यांस आपली जागा सोडावी लागली. एका वसाहतीची तहान दुसऱ्या गांवानें उठून भागवावी, असा प्रसंग होतां होईतों कमी यावा, अशी दृष्टि आंखणी करणाऱ्यानें ठेविली पाहिजे.

जागेची निवड करतांनाहि पाणीच पुढें ठेवावें. भाताचें खाचर हें नुसतें पिकाचें शेत नसतें. तें पावसाळ्यांत पाणी थोपवून धरणारें भांडें असतें. अर्धा फूट उंचीचें पाणी बांधांत राहिलें, तर एका एकरांत सुमारें सहा लाख लिटर पाणी थांबतें. शंभर एकर खाचरें भरून टाकलीं, तर सहा कोटि लिटर पाणी तेवढ्याच वेळांत खालच्या गांवावर जातें. २६ जुलै २००५ चा महापूर या खोऱ्यांतील कोणी विसरलेला नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं तर बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरांत अडकून पडली व हजारावर उतारूंची सुटका होड्यांतून करावी लागली. याकरितां घरें वरकस जमिनीवर, चढाच्या बाजूस घालावीं; खाचरें व ओहोळाचे दोन्ही कांठ मोकळे ठेवावे; आणि डोंगराच्या तीव्र उतारास मात्र घर अगदीं भिडवूं नये. आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर ३० जुलै २०१४ रोजीं दरड कोसळली व दीडशेंवर माणसें गाडलीं गेलीं, हें ध्यानांत ठेवावें.

मैला व सांडपाणी

वसाहतीचा मैला हा शेतकऱ्यास ओझें वाटावयाचें कारण नाहीं. सोनखत हें नांव आपल्या पूर्वजांनीं उगीच दिलेलें नाहीं. कणकवली येथें आप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९४८ सालीं गोपुरी आश्रम स्थापन केला आणि मैल्याचें खत होईल असे संडास व गोबरगॅस यांचे प्रयोग कोंकणच्याच पावसांत व कोंकणच्याच मातींत करून दाखविले. त्यांच्या कार्याचें मर्म असें होतें कीं, मैला वाहण्याचें हीन मानलेलें काम कोणा एका जातीच्या माथीं राहूं नये आणि जमिनीचा कस जमिनीस परत मिळावा. आज दोन खड्ड्यांचा संडास ही परिचित गोष्ट झाली आहे. एक खड्डा भरला म्हणजे तो बंद करून दुसरा चालूं करावयाचा; वर्ष-दोन वर्षांनीं पहिल्यांतील मळीचें निर्धास्त खत होतें. आपल्याकडे पावसाळ्यांत भूजल वर येतें, म्हणून खड्डे उंचवट्यावर घ्यावे व पिण्याच्या विहिरीपासून पुरेसे दूर ठेवावे.

माणशीं वर्षास अडीच किलो नत्र मलमूत्रांतून जातें असें धरलें, तर हजार वस्तीपासून अडीच हजार किलो नत्र होतें. म्हणजे युरियाच्या ४५ किलोंच्या सुमारें १२० गोणी. इतकें धन आपण दरसाल नदींत ओततों आणि त्याबद्दल तिला घाणहि म्हणतों. घरांतील सांडपाण्यास आधीं गाळ बसण्याची टाकी व नंतर कर्दळ, बोरू यांसारख्या वनस्पति लावलेले खडीचे वाफे केले, तर माणशीं एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. हजार माणसांस दहा ते वीस गुंठे झाले. तेथून निघालेलें पाणी चाऱ्यास व झाडांस देतां येतें. कारखान्याचें पाणी मात्र या व्यवस्थेंत एक थेंबहि येऊं देऊं नये. त्याची शुद्धि त्यानें आपल्या आवारांतच केली पाहिजे. रसायन मिसळलें कीं खत विष होतें, आणि मग तें ना शेताचें राहतें ना नदीचें.

घर कोणासाठीं व काम कोणतें

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार उडविला. पुढें सरकारनें जागतिक बँकेच्या साह्यानें पुनर्वसनाचें प्रचंड काम हातीं घेतलें व पन्नासांवर गांवें नव्या जागीं वसविलीं. घरें भक्कम झालीं, रस्ते रुंद व सरळ झाले. हें काम मोठें होतें यांत शंका नाहीं. तथापि शेतकऱ्याच्या संसाराशीं त्या सरळ रेघांचा मेळ सर्वत्र बसला नाहीं. जुन्या गांवांत वाडा, गोठा, कणगी, कडबा आणि भाऊबंद एका हांकेच्या अंतरावर असत. नव्या गांवांत घरें पांगलीं, शेत दूर पडलें, बैल कोठें बांधावा हा प्रश्न आला. ठिकठिकाणीं लोकांनीं घरापुढें पत्र्याचे आडोसे व गोठे आपल्या हातानें उभे केले. आंखणी करणाऱ्यानें आधीं शेतकऱ्याच्या बायकोस विचारलें असतें, तर भांडीं घासण्याची मोरी, सरपण, गुरें व धान्य यांची जागा तिनें एका सकाळींच दाखविली असती.

उद्योगाविषयीं उलट बाजूचें उदाहरण किर्लोस्करवाडीचें आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांत कुंडल रोड स्थानकाजवळ मिळालेल्या ३२ एकर ओसाड माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना व त्याभोंवतीं वसाहत उभी केली. तेथें माणसें आलीं तीं कामासाठीं, आणि काम व घर यांच्यामध्यें पायीं चालण्याइतकेंच अंतर राहिलें. अंबरनाथ-बदलापूरकडे आज घडतें आहे तें याच्या उलट. माणूस येथें फक्त निजावयास येतो आणि त्याचे दिवसाचे कित्येक तास गाडींत जातात. अशा वसाहतीस आपल्या ओहोळाकडे पाहण्यास वेळ नसतो. म्हणून शंभरांतल्या कांहीं घरांस तरी जागेवरच काम मिळेल, मग तें भाजीपाला, दूध, भाताची गिरणी, रोपवाटिका, यंत्रदुरुस्ति कांहींहि असो, अशी जागा आरंभींच राखावी. मोरिवलीजवळ कारखाने आहेतच. त्यांत काम करणारास तेथेंच राहतां येईल असें घर मिळावें, परंतु रासायनिक कारखान्याच्या भिंतीस भिंत लावून तें नसावें.

जमीन विकावी कीं राखावी

आतां मुख्य प्रश्न. वरील सर्व गोष्टी एकट्या खातेदारास करतां येणार नाहींत, कारण पाणी बांध पाहून वाहत नाहीं. चाळीस गुंठ्यांचा एक धनी तळें बांधूं म्हणेल, तर शेजारच्यानें पाणलोट विकलेला असेल. एकट्यानें गुंठा विकला म्हणजे रोख रक्कम एकदां येते, आणि पुढें जमिनीचा भाव वाढतो त्याचा लाभ दुसरा घेतो.

याला दोन वाटा आहेत. एक वाट पुण्याजवळ हडपसर येथील मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनीं दाखविली. जमीन शहराच्या हद्दींत आल्यावर सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली चारशेंवर एकर जमीन तुकड्यांनीं न विकतां एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकारानें कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन त्या प्रमाणांत त्यास भाग दिले. तेथें शेती उरली नाहीं व घरें श्रीमंतांच्या मानाचीं झालीं, हें खरें. तें अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शेतकरी आपल्याच जमिनीवर परका झाला नाहीं, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. दुसरी वाट कायद्याची आहे. मुंबई इलाख्यांत १९१५ सालींच नगररचनेचा कायदा झाला होता. आज महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. त्यांतील नगररचना योजनेंत सर्वांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, तळीं, शाळा, मोकळ्या जागा काढतात व उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांच्या रूपानें मूळ मालकांस परत देतात. पनवेलच्या बाजूस सिडकोच्या नैना क्षेत्रांतील अशा योजनांत मालकास मूळ क्षेत्राच्या चाळीस टक्के भूखंड देण्याचें धोरण आहे. साठ टक्के गेले म्हणून पुष्कळांस हें जड वाटतें, आणि तो तक्रारीचा विषयहि झाला आहे. वाटा किती असावा याविषयीं भांडावें. पण एकत्र आंखणीचें तत्त्व सोडूं नये.

मालकी राखली तरी नियमावांचून पाणी टिकत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें पर्जन्यछायेंतील गांव. तेथें पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं १९९० नंतर गांवानें पाणी अडविलें, सिंचनासाठीं विंधनविहिरींस बंदी केली, दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडून पिकें ठरविलीं आणि जमीन बाहेरच्यास न विकण्याचा निर्बंध स्वतःवर घालून घेतला. आपल्या पावसाच्या अल्पांशावर त्यांनीं हें साधलें. आपल्याकडे पाणी कमी नाहीं. नियम करून पाळण्याची संवय कमी आहे.

शंभर एकरांची एक आंखणी

वरील विवेचन हाताशीं धरून शंभर एकरांत दोनशें कुटुंबांची वसाहत कशी बसते तें पाहावें :

१. तळें : अडीच एकर, त्याच्या वरचें दहा एकर पाणलोट झाडांखालीं किंवा गवताखालीं, बांधकामास कायमचें बंद.

२. ओहोळाचे दोन्ही कांठ : पुराची रेषा जेथवर जाते तेथवर मोकळे, तेथें बांबू, करंज, जांभूळ.

३. घरें : प्रत्येक कुटुंबास परसासह तीन गुंठे, एकूण सहाशें गुंठे, म्हणजे पंधरा एकर.

४. रस्ते, शाळा, दवाखाना, बाजार, स्मशान, क्रीडांगण : दहा एकर.

५. सांडपाण्याचे वाफे व खताची जागा : एक एकर.

६. लहान उद्योग व गोदाम : पांच एकर.

यांत पाणलोट धरूनहि चव्वेचाळीस एकरांच्या आंत सर्व कांहीं बसतें. ओहोळकांठास सहा-सात एकर आणखी गेले असें मानलें, तरी जवळ जवळ निम्मी जमीन खाचरें व बागाईत म्हणून लागवडीखाली राहते. वसाहतीचें खत व शुद्ध केलेलें पाणी याच जमिनीस मिळावें आणि तिची भाजी, दूध व तांदूळ वसाहतीस मिळावा. आज ज्या गुंठेवारीनें शंभरच्या शंभर एकर जातात व तरीहि मुलांस खेळावयास जागा सांपडत नाहीं, तिच्याशीं ही आंखणी ताडून पाहावी.

या कामाचा आरंभ पैशावांचून करतां येतो. येत्या पावसाळ्यांत शिवारांतील खातेदारांनीं एकत्र फिरून पाणी कोठून येतें, कोठें तुंबतें व कोठून जातें, याच्या खुणा गांवच्या नकाशावर कराव्या. उन्हाळ्यांत विहिरींची पातळी मोजून ती त्याच नकाशावर लिहावी. त्या नकाशावर सर्वांनीं सह्या करून तो ग्रामसभेपुढें, अथवा गांव नगरपालिकेंत असेल तर तिच्यापुढें व नगररचना खात्यापुढें, हरकती-सूचनांच्या मुदतींत ठेवावा. अधिकारी रेघा ओढावयास बसतो तेव्हां त्याच्यापुढें गांवाचा कागद असला, तर त्यास तो बाजूस सारणें कठीण जातें; नसला, तर त्यानें ओढलेली रेघ हीच पुढें गांवाची सीमा होते. दलालाशीं बोलणें करण्यापूर्वीं प्रत्येक खातेदारानें आपल्या भाऊबंदांसह हें एवढें काम उरकावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.